बरे झालेले हात

हात बरे झाल्याचं उज्वलाने घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगायची सोयच नव्हती.

खरं तर पेढे वाटावेत अशी बातमी. ज्या बाईला दीड वर्ष सकाळी उठल्यावर स्वतःच्या साडीच्या निऱ्या धरता येत नव्हत्या, चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून उचलावा लागत होता, तिची मूठ भादव्यातल्या एका सकाळी अलगद मिटली आणि तशीच अलगद उघडली. ती मोरीत तोंड धुवायला गेली होती. नळ एरवी मनगटाने ढकलून उघडायची, त्या दिवशी बोटांनीच उघडला गेला. मग तिने केस सोडले, एकत्र केले, पिळले, मागे वळवले आणि अंबाडा घातला. कुणाच्या मदतीशिवाय. आरशात बघून ती हसली, आणि लगेच तो अंबाडा सोडून टाकला, कारण तिची वेणी घालायचं काम लेकीचं, प्राचीचं होतं. प्राची कर्जतच्या कॉलेजात जायच्या आधी रोज आईची वेणी घालून जायची. घातलेला अंबाडा दिसला असता, तर पोरीने ओरडून वाडी गोळा केली असती.

आजार काढणं अवघड असतं हे सगळे सांगतात. बरं झाल्यावर आजाराचं सोंग काढणं किती अवघड, हे उज्वलाला विचारावं. दिवसातून एकदा तरी पेला हातातून निसटू द्यायचा. कपिलने, म्हणजे नवऱ्याने, बिस्किटाचा पुडा पुढे केला की तो फोडून मागायचा. बोटांची सूज ओसरली होती, म्हणून हात पदराखाली ठेवायचे. तसं काही ठेवायची गरज नव्हती म्हणा. घरातल्यांनी तिच्या हातांकडे बघायचं केव्हाच सोडलं होतं. दुखणं जुनं झालं की त्याच्याकडे कोण बघतं?

एवढं लपवायचं कारण काय, तर पहिल्यांदा तिने सांगून पाहिलं होतं.

सुरुवातीला काढे झाले, कशेळ्याच्या बाजारात कुणी दिलेलं तेल झालं, मधमाशी चावून घ्यायचाही सल्ला मिळाला होता, तो तेवढा तिने ऐकला नाही. शेवटी नवरा-बायको पनवेलला सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, हा वयाचा वात नाही, शरीर आपल्याच सांध्यांवर उठलंय. गोळ्या दिल्या त्या आठवड्यातून एकाच दिवशी घ्यायच्या. उज्वलाचा तो दिवस रविवार. रविवारी गोळ्या, सोमवारी मळमळ, असा आठवडा लागला. या गोळ्या लागू पडायला महिने लागतात, म्हणून तोवर दम धरता यावा यासाठी बाईंनी जोडीला एक तात्पुरती गोळीही दिली होती.

त्या तात्पुरत्या गोळीने चार दिवसांत जादू केली. एप्रिलचा महिना, जयंती तोंडावर आलेली. उज्वला नाचतच स्वयंपाकघरात गेली आणि सासूला म्हणाली, "आई, माझे हात बरे झाले!" पुतळाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. खोटं नाही, खरोखर आलं होतं. आणि त्याच संध्याकाळी त्यांनी भाकरीची परात उज्वलासमोर सरकवली.

कुणी वाईटपणाने काही केलं नाही, हीच तर पंचाईत. आजारी माणसाचं काम घरातले उसनं घेतात आणि तो बरा झाला की परत करतात, वर साचलेलंसुद्धा. गोधड्या धुवायच्या राहिल्या होत्या, त्या निघाल्या. डाळ भरडायची राहिली होती, ती निघाली. नणंद हर्षला खोपोलीहून सासरची माणसं घेऊन आली, वहिनी बरी झाली म्हणून मुद्दाम. उज्वलानेही हौसेने केलं सगळं. आपल्याला येतंय याचाच आनंद इतका होता, की थांबायचं कळलं नाही. पुढे डॉक्टरीणबाईंनी तात्पुरती गोळी कमी केली आणि हात असे सुजले, की बांगड्या कापून काढाव्या लागल्या. ती कण्हत पडली होती तेव्हा कपिल उशाशी बसून म्हणाला होता, "अगं, पण तूच म्हनालीस ना, बरी झाले म्हनून?"

रागाने नव्हता म्हणाला. कोड्यात पडून म्हणाला होता. पण ते वाक्य उज्वलाच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं.

म्हणून आता खऱ्या गोळ्या लागू पडल्या, तरी ती गप्प होती. त्यात आणखी एक गोष्ट होती, जी सांगून कुणाला पटली नसती. हात दुखत नव्हते, पण अंग थकलेलं होतं. झोपून उठलं तरी थकलेलं. भिजलेली गोधडी दोरीवर टाकावी तसं तिचं अंग दुपारी कुठेही ओघळायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, हा थकवाही या आजाराचाच, तो सगळ्यात शेवटी जातो. रोज थोडं काम करा, थोडं बसा. बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडू नका आणि बरं वाटलं म्हणून डोंगरही उचलायला जाऊ नका. हे बोलणं झालं तेव्हा कपिल मोटरसायकल लावायला जागा शोधत होता. त्यामुळे ते फक्त उज्वलाने ऐकलं, आणि तिने सांगितलं असतं तर घरात त्याला सबब म्हटलं असतं. सुजलेलं बोट दाखवता येतं. थकवा कुठे दाखवायचा?

हे सगळं ठीक होतं, पुतळाबाई नसत्या तर.

पुतळाबाईंनी सत्तरी ओलांडली होती. सुनेचे हात गेल्यापासून दोन्ही वेळची भाकरी त्याच थापत होत्या. तांदळाची भाकरी म्हणजे सोपं काम नाही. उकळत्या पाण्यात पीठ घालायचं, ते चटके सोसत तळव्याने मळायचं आणि मग पाण्याचा हात लावून परातीत थापायचं. कपिल साजगावच्या कारखान्यात कामाला, दिवस उगवता उगवता मोटरसायकलवर निघायचा आणि त्याला डब्यात भाकरीच लागायची. पडवीतल्या चुलीपुढे म्हातारी वाकून बसायची आणि शेजारी उज्वला, धडधाकट हात मांडीत घेऊन, चुलीत लाकूड सारायची. लाकूड सारणं तेवढं आजारी बाईला चालतं असं घरात ठरलं होतं.

उज्वलाला लाज वाटायची. मनातल्या मनात ती स्वतःला नाही नाही ते बोलायची. पण परातीकडे हात गेला की एप्रिल आठवायचा, आणि हात परत मांडीत यायचा.

अलीकडे पुतळाबाई घरातही डोक्यावरून पदर घेऊ लागल्या होत्या. ही बाई सासऱ्यासमोरसुद्धा पदर डोक्यावर घेत नसे, हे ती स्वतःच फुशारकीने सांगायची. उज्वलाने एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "वारा लागतो कानाला." वयाचं काहीतरी असेल म्हणून उज्वलाने सोडून दिलं.

आश्विन पौर्णिमेला विहारात वर्षावासाचा समारोप होता. पावसाळाभर संध्याकाळी ग्रंथाचं वाचन चालायचं, त्याचा शेवटचा दिवस. त्या दिवशी सगळ्या वस्तीचं जेवण विहाराच्या अंगणात व्हायचं. भाजी, वरण, खीर तिथेच मोठ्या पातेल्यांत शिजायची, पण भाकरी घरोघरी थापून न्यायच्या, अशी इथली रीत. घरटी एक टोपली. पुतळाबाईंच्या घरची टोपली कधी अर्धी गेली नव्हती, आणि ती यंदाही जाणार नाही असं त्यांनी आदल्या दिवशीच जाहीर करून टाकलं होतं.

सकाळपासून त्या थापत होत्या. हर्षला येऊन बसली होती आणि मोबाइलवर फोटो काढत होती.

"वैनी, तोंडावर तेज आलंय गं तुझ्या," ती म्हणाली. "आईकडं बग मात्र. पार वाळून गेलीय."

"मग थाप की तू दोन," उज्वला म्हणाली.

"माझी साडी सिल्कची हाय," हर्षला म्हणाली, आणि विषय संपला.

टोपली भरत आली होती. पुतळाबाई तव्यावरची भाकरी उलटायला गेल्या आणि मनगट तव्याच्या कडेला टेकलं. त्यांनी नुसता श्वास आत ओढला आणि भाकरी उलटली. उज्वलाचा उजवा हात आपोआप उलथण्याकडे गेला होता. तिने तो वाटेत थांबवला आणि चुलीतलं लाकूड उगीच पुढे-मागे केलं. त्या क्षणी तिला स्वतःची जेवढी किळस आली, तेवढी सुजलेल्या हातांचीही कधी आली नव्हती.

विहारात त्या संध्याकाळी दाटी होती. एरवी उज्वला मागे खुर्चीवर बसायची, पण खुर्च्या म्हाताऱ्या माणसांनी भरल्या होत्या, म्हणून ती पुतळाबाईंशेजारी सतरंजीवर बसली. पुतळाबाईंनी काही खुर्ची घेतली नाही. खुर्ची घेणं म्हणजे म्हातारपण कबूल करणं. वंदना सुरू झाली. त्रिसरण झालं, पंचशील सुरू झालं. लहानपणापासून तोंडात बसलेले शब्द, ते म्हणायला लक्ष लागत नाही. उज्वलाचे डोळे मिटले होते, मन कुठेतरी त्या तव्याच्या कडेला अडकलं होतं.

दीड वर्ष तिचे हात नीट जुळत नव्हते. बोटं वाकडी राहायची, दोन तळव्यांमध्ये लिंबू मावेल एवढी पोकळी राहायची. मागच्या वैशाख पौर्णिमेला ती त्यावरूनच रडली होती. आता डोळे उघडले, तेव्हा दिसलं, की तिचे तळवे एकमेकांवर सपाट टेकलेत, बोटाला बोट लागलंय. तिने ते जोडले नव्हते, वंदना ऐकून त्यांचे तेच जोडले गेले होते.

तिने झटकन बोटं वाकवली. पण शेजारून पुतळाबाई बघत होत्या. त्यांची नजर हातांवरून उज्वलाच्या तोंडावर आली, क्षणभर थांबली आणि परत समोरच्या मूर्तीकडे गेली.

शेवटी सगळ्यांनी "साधु, साधु, साधु" म्हटलं आणि जोडलेले हात कपाळाला नेले. पुतळाबाईंचे हात पोटापाशीच राहिले. म्हातारी रागावलीय, उज्वलाच्या मनात आलं. त्यापुढे तिने काही विचार केला नाही. तिला स्वतःचीच धास्ती पडली होती.

जेवणं आटोपली. प्राची आत्याबरोबर खोपोलीला गेली. घरात तिघंच राहिली, आणि त्यातला कपिल आडवा पडताच घोरायला लागला. उज्वला पडून राहिली. उद्या परात येणार, एवढंच तिला दिसत होतं. उद्या परात, परवा गोधड्या, मग दिवाळी. आणि मग पुन्हा ते हात.

सकाळी परात आलीच. पुतळाबाईंनी उकड काढून ठेवली होती, पीठही मळलं होतं. परात त्यांनी उज्वलाच्या पुढ्यात ठेवली आणि पाट थोडा मागे सरकवून घेतला.

"थाप," त्या म्हणाल्या.

उज्वलाने पाण्यात हात बुडवला, गोळा घेतला. गरम पीठ तळव्याला लागलं आणि तिला एकदम बरं वाटलं, हे लपवण्यात काय अर्थ आहे? हाताला सगळं आठवत होतं. पहिली भाकरी गोल, कडेपर्यंत सारखी झाली. तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली. टम्म फुगली. दुसरीही भाजून निघाली. तिसऱ्या गोळ्याला हात घातला आणि खांद्यापासून खाली सगळं अंग जड झालं. बोटं ठीक होती. बाकीची उज्वला खाली बसली होती.

तिने गोळा परातीत ठेवला.

"काय झालं? दुखतायत?" पुतळाबाईंनी विचारलं.

"नाय."

"मंग?"

"मी दमलेय, आई."

"दोन भाकऱ्यांत?"

तो प्रश्न होता, पण उज्वलाला तो एप्रिलसारखा लागला, आणि इतक्या महिन्यांचं तिने धरून ठेवलेलं सगळं तिथेच सुटलं. "हो, दोन भाकऱ्यांत! हात बरे झाले, मी नाय बरी झाले. डॉक्टरीणबाई बोलल्या, हे असंच ऱ्हानार अजून. थोडं कर, थोडी बस, बोलल्या. पन या घरात थोडं असतंय का काय? एकदा बरी झाले बोलले, तर तुमी अख्खं घर आनून टाकलंत माझ्या पुढ्यात. म्हनून बोलले नाय. भादव्यापासनं हात बरे हायत माझे. तुमी भाजून घेतलंत काल, ते बी बघत बसले मी. घ्या, आता बोला काय बोलायचंय ते."

चुलीवर रिकामा तवा धुरकटायला लागला होता. तो उतरवायला म्हणून पुतळाबाईंनी फडकं घ्यायला वर हात केला. फडकं खुंटीला होतं, फार उंच नव्हतं. हात खांद्याएवढा वर गेला आणि अडला. त्यांनी दात दाबून अंग वाकडं केलं, तशी पाठ फिरली आणि डोक्यावरचा पदर खाली घसरला.

उज्वला बघतच राहिली.

पुतळाबाईंचे केस कायम चापूनचोपून बसवलेले असायचे. आंघोळ झाली की तेल, फणी आणि मुठीएवढा अंबाडा, त्याशिवाय ही बाई चहा घेत नसे. आता तिथे मागे नुसता गुंता होता. चिकटलेला, पांढरा, नारळाच्या काथ्यासारखा गोळा. किती दिवस त्यात फणी गेली नव्हती, कोण जाणे. पुतळाबाईंनी घाईघाईने पदर वर ओढायचा प्रयत्न केला, डाव्या हाताने, आणि तो नीट आला नाही.

"कवापासनं?" उज्वलाने विचारलं.

"श्रावणापासनं असंल." पुतळाबाई चुलीकडे बघत बोलत होत्या. "खांदा वरच जात नाय. मागं बी नाय जात. खाली असला की थापायला जमतंय, म्हनून थापते."

"बोलला का नाय?"

"एका घरात किती बायांनी पडायचं?" त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तू बी बोलली नाय."

काल कपाळापर्यंत न गेलेले ते हात उज्वलाला आता दिसले. शेजारी गुडघ्याला गुडघा लावून बसली होती, तरी काल दिसले नव्हते. सासूने तिचे हात बघितले, तिने सासूचे बघितले नाहीत. लाज आली, आणि लाजेबरोबर हसूही आलं. दोघींनी एकमेकींपासून लपवायला काय काय कष्ट घेतले होते!

ती उठली, तवा उतरवला आणि आतून फणी आणि खोबरेल तेलाची बाटली घेऊन आली. पुतळाबाईंच्या मागे पाट टाकून बसली.

"अगं, भाकरी ऱ्हायल्यात," पुतळाबाई म्हणाल्या.

"ऱ्हाऊ द्या."

"कपिल यील आता डबा मागायला."

तो आलाच. शर्टाची बटणं लावत, गाडीची किल्ली दातांत धरून. चूल जळतेय, परातीत पीठ आहे, टोपलीत दोनच भाकऱ्या, आणि त्याची बायको त्याच्या आईच्या डोक्याला तेल लावतेय, हे बघून तो उंबऱ्यातच थांबला.

"डबा?" त्याने किल्ली काढून विचारलं.

"परात तितं हाय," पुतळाबाई म्हणाल्या. "हात धुऊन बस."

"मी? मला कुटं येतीय भाकरी!"

"माज्या पोटातनं बाहेर आलास तवा तुला चालाया तरी कुटं येत होतं? बस. पान्याचा हात लावून थाप, चिकटंल नायतर."

कपिलने बायकोकडे बघितलं. बायकोची बोटं आईच्या केसांतून सरळ, भराभर चालली होती. त्याच्या चेहऱ्यावर आनंद उमटायला लागला. तोंड उघडून तो "अगं, तुझे हात..." एवढं म्हणाला.

"हात बरे हायत," उज्वला म्हणाली. "मी अजून व्हायचेय. आईंचा खांदा गेलाय. तुझे दोन्ही हात चांगले हायत. बस."

तो बसला. न बसून सांगतो कुणाला? त्याच्या हातची पहिली भाकरी परातीतून उचलताना मधेच फाटली, दुसरी तव्यावर दुमडून पडली. पुतळाबाई मान न वळवता, नुसत्या वासावरून, "जळतीय, उलट," असं सांगत होत्या. त्या दिवशी कारखान्यात त्याचा खाडा पडला की उशीर, ते त्याने नंतर कधी सांगितलं नाही.

गुंता सोपा नव्हता. उज्वलाने टोकाकडून सुरुवात केली, तेल जिरवत, एकेक बट सोडवत. तिची बोटं आत शिरत होती, गाठ चाचपत होती, दोन केस वेगळे करत होती. एवढं बारीक काम या बोटांनी पुन्हा कधी होईल, असं तिला वाटलं नव्हतं. मानेजवळच्या गाठीला फणी अडली, पुतळाबाईंचं अंग आकसलं.

"दुखतंय का, आई?"

दीड वर्ष या घरात हा प्रश्न एकाच बाईला विचारला जात होता. सकाळी उठल्यावर विचारायचे, निजताना विचारायचे, विचारून विचारून त्याचा अर्थ निघून गेला होता. पुतळाबाईंना तो कुणी विचारला नव्हता. आता त्यांचे खांदे खाली आले.

"हां गं," त्या म्हणाल्या. "लय दुखतंय."

उज्वलाने फणी बाजूला ठेवली. अर्धं डोकं सुटलं होतं, अर्धं तसंच होतं. तिचे हात ठीक होते, पण दंडात ते ओळखीचं जडपण उतरलं होतं, आणि आज तिने ते लपवलं नाही.

"जरा थांबते, आई. दमले."

"थांब की," पुतळाबाई म्हणाल्या, आणि मागे रेलून त्यांनी पाठ सुनेच्या गुडघ्यांना टेकवली. "मला कुटं जायाचंय."